हणमंतानं निवडलेली गाडी

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. सुनंदा ही हणमंताची थोरली लेक. एरवी ती आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करते, मग बाकीचं बोलते. त्या दिवशी तिनं काहीच विचारलं नाही. "काका, आबा गेले," एवढंच म्हणाली. सकाळी चहा घेतला, कप खाली ठेवला, तिच्या आईला, आमच्या इंदूवहिनींना, म्हणाले, आज चहा झ्याक झालाय... आणि तेवढंच. मी ताट बाजूला सारलं आणि मुलाला गाडी काढायला सांगितली. सांगलीहून कराडजवळच्या मलकापूरपर्यंतच्या वाटेवर तो काही ना काही बोलत होता, मला धीर द्यायला. वयाची ऐंशी ओलांडलेला माणूस असा बसल्या जागी गेला की लोक म्हणतात, सोनं झालं. झालंही असेल. मला मात्र सारखं एकच वाटत होतं की आता 'ए वसंता' अशी हाक मारणारं कुणी उरलं नाही. बाकी सगळ्यांचा मी काका, आजोबा, नाहीतर साहेब.

आमची ओळख कराडच्या तंत्रशाळेतली. लोखंड कातायच्या एका लेथवर दोन पोरं असायची, आमच्या लेथवर मी आणि तो. मी सांगलीचा, हात जपून वापरणारा. तो मलकापूरच्या उसवाल्या घरातला, दंडानं रुंद, पण काम असं नाजूक करायचा की गुरुजी त्यानं कातलेले तुकडे दुसऱ्या पोरांना दाखवायचे. शाळा सुटली तसा मी माधवनगरला मामांच्या वर्कशॉपात लागलो, गिरण्यांच्या मागांचे सुटे भाग करायला. हणमंता लष्करात गेला. तिथं तो ट्रक चालवायचाही आणि उघडून बसायचाही. सुट्टीवर आला की आधी माझ्याकडं उतरायचा, मग घरी. एकाहत्तरच्या लढाईत बंद पडलेला ट्रक दुरुस्त करून मागं आणताना चाक सुरुंगावर गेलं. उजवा पाय मांडीपासून काढावा लागला. वर्षभरानं तो घरी आला तो पुण्याला बसवलेल्या नकली पायावर. आला त्या दिवशी अख्खी आळी जमली होती. तो सगळ्यांशी हसून बोलला. मला आत घेऊन गेला आणि म्हणाला, "वसंता, पायाचं काय न्हाई गड्या. पर आता गाडी कशी चालवू?"

पुढची पाच-सहा वर्षं त्यानं कशी काढली हे मी पाहिलंय. शेत भाऊ बघायचे. कुठं जायचं झालं तर मेहुणा त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून न्यायचा. तीन टनी ट्रक चिखलातून काढलेला माणूस कॅरिअरवर एका बाजूला पाय टाकून बसायचा, नवी नवरी बसते तसा. एकदा पेन्शनीच्या कामाला जाताना सायकल पंक्चर झाली. मेहुणा ती ढकलत पंक्चरवाल्याकडं गेला आणि हणमंता मैलाच्या दगडावर बसून राहिला. येणारा-जाणारा प्रत्येक बैलगाडीवाला थांबून म्हणायचा, "चला दादा, बसा." तो प्रत्येकाला नको म्हणाला. त्या दिवसानंतर त्यानं बाहेर जाणंच सोडलं. मी गेलो की अंगणात खाटेवर बसलेला दिसायचा, आणि रस्त्यानं जाणाऱ्या गाडीच्या आवाजावरून इंजिनात काय बिघाड आहे ते सांगायचा. तेवढीच त्याची गंमत उरली होती.

अठ्ठ्याहत्तर साली माझा मावसभाऊ अरविंद इंग्लंडहून परत आला. तो तिकडं एका छोट्या वर्कशॉपात फिटर होता. तिकडं जुन्या काळी एक तीनचाकी मोटार निघायची. आपल्या रिक्षाच्या उलट. पुढं दोन चाकं, मागं एक, बसायला दोन माणसं, आणि इंजिन गाडीच्या नाकावर उघडंच. त्या मूळ गाड्या फार थोड्या राहिल्या होत्या, म्हणून हौशी लोकांसाठी तशीच दिसणाऱ्या नव्या गाडीचे सुटे भाग खोक्यांत भरून मिळायला लागले होते. आपलं एखादं मोटारसायकलचं इंजिन घ्यायचं आणि नकाशा बघून घरीच गाडी जोडायची. अरविंद अशी दोन खोकी बोटीनं घेऊन आला. पण त्याला मुंबईत नोकरी लागली, जागा खुराड्याएवढी. खोकी माझ्या वर्कशॉपात टाकून तो म्हणाला, "तूच जोड आणि तूच फिरव." मी खोकी उघडली आणि माझ्या डोळ्यांपुढं हणमंताच आला.

योगही तसाच होता. मलकापुराहून चार मैलांवरच्या एका साखर कारखान्याला गॅरेजसाठी मिस्त्री हवा होता. हणमंताचा हात त्यांना माहीत होता. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत हजर व्हा, रोजचं जाणं-येणं तुमचं तुम्ही बघा, असा निरोप आला होता. हंगामाला चार महिने होते. मी हिशेब केला, दोन-अडीच महिन्यांत गाडी जोडून होते. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायाला होते, ते हातावर घ्यायला हवे होते. मी आठ दिवस बसून ड्रॉइंग केलं, दांडे कुठून कसे फिरवायचे, कळ कुठं बसवायची. माझं अक्षर चांगलं. ड्रॉइंगच्या डोक्यावर मी सुबक अक्षरांत लिहिलं, 'अपंगासाठी केलेले बदल'. ते भेंडोळं घेऊन मलकापूरला गेलो. हणमंतानं ते मांडीवर पसरलं. डोक्यावरच्या ओळीपासून खालपर्यंत वाचलं. मग म्हणाला, "लय मेहनत घेतलीस." बस, एवढंच. मला वाटलं, त्याला भरून आलंय.

आता पुढची चूक माझीच... चूक म्हणायची की नाही ते अजून ठरत नाही. जतला एका विहिरीच्या पंपाच्या कामाला गेलो असताना मी तिथल्या एका मेंढ्यांच्या वाड्यात तीनचाकी गाडी पाहिली होती. चक्क मूळची. फार पूर्वी कुणी इंग्रज डॉक्टर त्या भागात खेडोपाडी औषधं देत फिरायचा, त्याची. जाताना तो ती आपल्या कंपाउंडरला, मल्लाप्पाला, देऊन गेला होता. मला वाटलं, हणमंताला एकदा दाखवावी, म्हणजे आपली गाडी कशी होणार आहे ते त्याला कळेल, शिवाय चार मापंही घेता येतील. आम्ही एसटीनं जतला गेलो. उन्हानं रस्ता पांढरा पडला होता. मल्लाप्पा सत्तरीचा, डोक्याला मळका पटका, मराठी बोलताना मध्येच कानडीत शिरायचा. त्यानं गाडीवरचं पोतं ओढलं तशा दोन कोंबड्या सीटवरून उडाल्या. लाकडी सांगाडा वाळवीनं खाल्लेला, पत्र्याची गंजून चाळण झालेली, इंजिन जाम झालेलं. मी मनात म्हटलं, चला, आपली खोकी किती चांगली ते तरी आता ह्याला दिसेल.

हणमंता मात्र काठी टेकत गाडीभोवती फिरला आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन आत बसला. डावा पाय खाली सारला. मग हात स्टिअरिंगवर गेला आणि तिथंच थांबला. स्टिअरिंगच्या मधोमध एक पितळी कळ होती. त्यानं ती अंगठ्यानं पुढं-मागं केली.

"मल्लाप्पा, ह्यो ॲक्सिलरेटर?"

"हौदु, हौदु," त्यानं होकारार्थी मान हलवली. "हातानंच की. पायाला क्लच हाय डावीकडं, बस. एक ब्रेक पायाला, एक हा हाताला, बाहेर. साहेब हाताचाच धरायचा, पायाचा त्यानं कधी वापरलाच न्हाई बगा."

"गिअर?"

"दोन. त्येबी हातानंच."

उजवा हात बाहेरच्या ब्रेकवर, डावा त्या कळीवर, असा हणमंता बसला. मी मापं घ्यायला टेप काढला तर म्हणाला, "मापं राहू दे वसंता. मी हीच घेतो."

मल्लाप्पा राजी झाला. देण्याघेण्याचं बोलणं लांबलंच नाही. त्याची अट निराळी होती. डॉक्टरसाहेबाबरोबर तो वर्षानुवर्षं हिंडला होता, पण औषधांची पेटी शेजारच्या सीटवर असायची आणि हा मागं, चाकावरच्या निमुळत्या पत्र्यावर, दोरी धरून. "चालू झाली की या हिकडं," तो म्हणाला, "आणि मला एकदा म्होरं बसवा. पेटीच्या जागंला."

एसटी स्टँडवर आल्यावर माझा तोल गेला. नवी कोरी गाडी दारात उभी राहत असताना हे मढं कशाला, इंजिनाचे भाग कुठून आणशील, कारखान्याची नोकरी हातची जाईल, मी रात्रंदिवस राबायला तयार आहे त्याची काही किंमत आहे की नाही... असं पुष्कळ बोललो. लोक बघायला लागले. हणमंतानं सगळं ऐकून घेतलं.

"तुझी गाडी चांगलीच हुईल," तो म्हणाला. "तुझा हात मला ठावं हाय. पर ती लंगड्यासाठी केल्याली गाडी असंल. कागदावर तूच लिवलंयस तसं. ही मुळातच अशी हाय. दोन धड पायाचा सायबबी हिला हातानंच चालवत हुता. हिच्यात बसलो तवा मला कायतरी कमी हाय असं वाटलंच न्हाई गड्या. सा वर्सांत पैल्यांदा."

मी आणखीच रागावलो. परतीच्या वाटेवर मी खिडकीकडं तोंड करून बसलो. मी सांगलीला उतरलो, तो पुढं गेला.

घोंगड्यांचे गठ्ठे घेऊन कराडच्या बाजाराला निघालेल्या ट्रकमधून ती गाडी मलकापूरला गेल्याचं मला कळलं. मी गेलो नाही. पावसाळा सरला, दसरा झाला, कारखान्याचं धुराडं पेटलं. गॅरेजमध्ये दुसरा मिस्त्री लागला. ते कळल्यावर मला वाईट वाटलं असं मी आज लिहू शकतो, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला थोडं बरंही वाटलं होतं. बघ, सांगत नव्हतो का... असं. माणूस असा असतो. खोकी मी खिळे ठोकून पुन्हा बंद केली होती आणि त्यांच्यावर मागांच्या धोट्यांचे गठ्ठे रचले होते.

संक्रांतीच्या सुमाराला एका सकाळी वर्कशॉपच्या दारात इंदूवहिनी उभ्या. एकट्या आल्या होत्या, एसटीनं. हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. त्यांनी ते माझ्या बाकड्यावर ठेवलं आणि सोडलं. गाडीच्या पुढच्या सांगाड्याचा तुटलेला नळा होता. पितळेनं जोडलेला, आणि जोडाच्या शेजारीच पुन्हा मोडलेला.

"ह्ये मोडलं," त्या म्हणाल्या. "पैल्यांदाच रस्त्यावर घेतली आणि ह्ये मोडून गाडी उसात गेली. त्येंच्या कपाळाला खोक पडलीय."

"लागलंय का फार?"

"कपाळाचं काय न्हाई. इंजिन चालू झालंय भावजी. चार महिनं घासत हुते, पिस्टन न् पिस्टन. सुतारानं बाभळीचा सांगाडा केला. समदं झालं. पर म्होरचा नळा जोडला की मोडतोय, जोडला की मोडतोय. काल रडलं. पाय गेला तवाबी मी त्यास्नी रडताना बघितलं नव्हतं."

"त्यानं पाठवलं तुम्हाला?"

"आवं त्ये कशाला पाठवत्यात! त्यास्नी म्हाईतबी न्हाई. भणीकडं जाते म्हून सांगितलंय." मग त्यांनी टॉवेलाची घडी घातली. "तुमी दोघं ल्हान हाय का भावजी? त्येनी तिकडं बोलायचं न्हाई, तुमी हिकडं बोलायचं न्हाई. त्या लोखंडानं काय करावं मग?"

मी तो नळा हातात घेतला. आतून गंजून कागदासारखा झाला होता. जगातल्या कुठल्याही माणसानं जोडला असता तरी तो मोडलाच असता. मी गठ्ठे उतरवले, पहिलं खोकं उघडलं. पुढचा अख्खा सांगाडा, दोन उभे दांडे, स्प्रिंगा, चाकांचे हब, सगळं ऑइलच्या कागदात गुंडाळलेलं तसंच होतं. वहिनींनी विचारलं, "ह्ये काढलं तर तुमची गाडी?" मी म्हटलं, "माझी कुठली गाडी? ही खोकी होती."

त्याच दिवशी माल टेम्पोत टाकून मी वहिनींबरोबर मलकापूरला गेलो. हणमंता कपाळाला चिंधी बांधून शेडमध्ये बसला होता. त्यानं मला पाहिलं, टेम्पो पाहिला, वहिनींकडं पाहिलं. "भन बरी हाय का?" एवढंच त्यांना विचारलं. मग मला म्हणाला, "बोटभर रुंद पडंल ह्ये." पडलंच. नक्कल किती हुबेहूब असली तरी बोटभर चुकतेच. मी फटीत बसवायला लोखंडी बुश कातून आणले, त्यानं भोकं मोठी केली, पंधरा-वीस दिवस मी माधवनगर आणि मलकापूर असा फेऱ्या घालत होतो. माफी कुणी कुणाची मागितली नाही. एका दुपारी पाना हातात देताना तो म्हणाला, "तुझी गाडी मोडली रं मी." मी म्हटलं, "पाना उलटा धरलायस." तेवढ्यावर ते संपलं.

लायसनचं आणि कागदपत्रांचं रामायण निराळंच आहे, ते इथं नको. उन्हाळ्यात एकदा पहाटेच निघून आम्ही जतला गेलो, तो गाडीत आणि मी मागून मोटारसायकलवर हत्यारं घेऊन. वाटेत दोनदा चेन उतरली. शिरढोणच्या पुढं एका म्हाताऱ्यानं विचारलं, "ह्ये इमानाचं पिल्लू हाय का?" मल्लाप्पानं गाडीचा आवाज लांबूनच ओळखला असावा. आम्ही पोचलो तर तो धुतलेला पटका बांधून वाड्याच्या तोंडाशी उभा. हणमंतानं त्याला शेजारी बसवलं. गावातून, बाजारातून, पार तळ्यापर्यंत नेऊन आणलं. पोरं मागं धावत होती आणि मल्लाप्पा सरळ पुढं बघत, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता. उतरल्यावर तो कानडीत काहीतरी पुटपुटला. मी विचारलं तर म्हणाला, "हितनं रस्ता दिसतो. मागनं नुसती साहेबाची टोपी दिसायची."

कारखान्याची नोकरी गेली ती गेलीच. पण हणमंतानं दुसरंच काढलं. उसाच्या पट्ट्यात ट्रॅक्टर वाढत होते आणि बंद पडला की मिस्त्री शेतात यायला तयार नसायचा. हा तीनचाकीच्या शेपटीत हत्यारांची पेटी टाकून बांधापर्यंत जायला लागला. आता बैलगाडीच्या वाटेला दोन चाकोऱ्या असतात आणि मध्ये उंचवटा. ह्याची पुढची दोन चाकं चाकोरीत, आणि मागचं नेमकं उंचवट्यावर! पहिल्या पावसाळ्यात तर त्याची हाडं खिळखिळी झाली. मग एक पुढचं चाक चाकोरीत आणि एक बाहेर, अशी तिरपी गाडी हाकायची त्यानं सवय केली. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, मिस्त्री पिऊन चाललाय. त्याच गाडीतून त्यानं दोन मुलींना शाळेत सोडलं आणि थोरलीला सासरी. पंचवीस वर्षं त्यानं हे काम केलं. त्यातल्या एकाही दिवशी, कुणी हात देऊन त्याला गाडीत बसवलेलं मी पाहिलं नाही.

तेराव्याला मी पुन्हा मलकापूरला गेलो होतो. जेवणं झाल्यावर सुनंदा मला शेडमध्ये घेऊन गेली. गाडी तिथंच होती, वर चादर. फळीवर एक पेटी होती, पत्र्याच्या पट्ट्यांनी आवळलेली, पट्ट्या अजून तोडलेल्या नव्हत्या. मी विचारलं, हे काय?

"पुण्याचे एक गृहस्थ आहेत," सुनंदा म्हणाली. तिचं शिक्षण साताऱ्याला झालं, ती माझ्यासारखंच बोलते. "जुन्या गाड्या जमवतात. दहा-बारा वर्षांपूर्वी आले होते. गाडी बघून वेडे झाले, पण म्हणाले, पुढचा सगळा भाग नकली आहे, तेवढा मूळचा बसवला तर ह्या गाडीला तोड नाही. मग त्यांनीच खटपट करून इंग्लंडहून तो मूळचा भाग मागवला आणि आबांना भेट म्हणून पाठवला. ही ती पेटी."

"मग?"

"मग काही नाही. आबांनी उघडलीच नाही. मी पुष्कळदा म्हटलं, आबा, तुम्हाला मूळचीच गाडी हवी होती ना? तर म्हणायचे, त्ये त्येंच्या गाडीचं असंल. माझ्या गाडीचं म्होरचं वसंताकडनं आलंय."

मला तो यातलं कधी एका शब्दानं बोलला नव्हता. दहा-बारा वर्षांत मी किती वेळा त्या शेडमध्ये बसून चहा प्यालो असेन. पेटी तेव्हा कुठं झाकून ठेवत होता कोण जाणे.

सुनंदा विचारत होती, त्या गृहस्थांचा परत फोन आलाय, पेटीचं त्यांना काय सांगू? इंदूवहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्याच म्हणाल्या, "पेटी परत धाड त्येंची. जड हाय, कुनाच्या तरी कामाला यील."

मी चादर काढली आणि पुढच्या चाकाजवळ स्टुलावर बसलो. डाव्या बाजूच्या दांड्याला ताजं ग्रीस होतं, नीट आतपर्यंत भरलेलं, वर बोट फिरवून जास्तीचं काढून घेतलेलं. उजवी बाजू कोरडी होती. गेला त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो इथंच बसला होता, वहिनी म्हणाल्या. पाठ भरून आली म्हणून उठला, उरलेलं उद्या करतो म्हणाला.

मी सुनंदाला ग्रीसचा डबा आणायला सांगितलं. ती म्हणाली, "राहू दे काका, तुमचे गुडघे..." मी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि स्टूल उजवीकडं ओढून घेतलं.